सराव कुणाच्या पायावर? घोट्याच्या एक्स-रेच्या शिक्षणाची गोष्ट

पाऊस लागला की नागभीड-ब्रह्मपुरीकडे धानाची रोवणी सुरू होते. चार वर्षांपूर्वी अशाच रोवणीत माझी मोठी आई धुऱ्यावरून घसरली. डावा पाय चिखलात रुतलेला आणि अंग दुसरीकडे फिरलेलं, असं ते पडणं. जवळच्या एका रुग्णालयात फोटो काढला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. फोटोत घोट्याचं हाड मोडलेलं नव्हतं. पट्टी, गोळ्या, आणि "आठ दिवस पाय वर ठेवा, मावशी" एवढं सांगून घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी सूज तशीच. मग शंभरेक किलोमीटरवर नागपूरला नेलं. तिथल्या तंत्रज्ञाने तिचा पाय मांडीपासून थोडा आत वळवला, खाली स्पंजचा तुकडा लावला आणि आणखी एक फोटो काढला. त्यात सांध्याच्या आतल्या बाजूची फट रुंद झालेली सरळ दिसली. हाड मोडलंच होतं, फक्त घोट्यात नाही, वर गुडघ्याच्या खाली. घोट्याचे बंध तुटून सांधा उघडला होता. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. आज ती चालते, पण उकिडवं बसून रोवणी करता येत नाही.

मी तेव्हा एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. क्ष-किरणांचं समीकरण मला पाठ होतं, पण पाय पंधरा अंश फिरवला की निदान बदलतं हे माहीत नव्हतं. पुढे मी क्ष-किरण प्रतिमांच्या सिम्युलेशनकडे वळले, त्यामागे हा पाय आहे.

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "प्रॉब्लेम कसा शोधायचा?" माझं उत्तर असं, की आधी त्या प्रॉब्लेमचा इतिहास वाचा. आज तो एका छोट्या विषयावर करून दाखवते. एक्स-रेसाठी घोटा कसा ठेवायचा हे शिकणारा माणूस सराव कुणावर करतो? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली आहेत, आणि प्रत्येक उत्तरामागे कुणाचं तरी शरीर आहे.

आधी पंधरा अंश समजून घेऊ

दोन्ही घोट्यांवर बोटं ठेवून बघा, आत्ताच. आतला घोटा थोडा पुढे आहे आणि बाहेरचा थोडा मागे. म्हणजे दोन्ही घोट्यांना जोडणारी रेषा पायाच्या दिशेला काटकोनात नाही, ती साधारण १५ ते २० अंशांनी तिरपी आहे.

नडगीचं हाड आणि त्याच्या बाजूचं बारीक हाड (फिब्युला) मिळून खाली एक खाच तयार करतात आणि त्या खाचेत टॅलस नावाचं हाड बसतं. दरवाजाच्या चौकटीत सुतार एका लाकडाला खाच पाडतो आणि दुसऱ्याचं टोक त्यात बसवतो, तसं. इंग्रजीत सुताराच्या त्या खाचेला मॉर्टिस म्हणतात, म्हणून या सांध्याच्या एका खास फोटोला 'मॉर्टिस व्ह्यू' असं नाव पडलं.

रुग्णाला टेबलावर बसवून किंवा झोपवून, तळपाय पायाशी काटकोनात ठेवून समोरून फोटो काढला, तर बाहेरचा घोटा नडगीच्या हाडावर चढलेला दिसतो आणि बाहेरची फट झाकली जाते. पण अख्खा पाय १५ ते २० अंश आत वळवला की दोन्ही घोटे फिल्मपासून सारख्या अंतरावर येतात आणि खाच तिन्ही बाजूंनी मोकळी दिसते. आतल्या बाजूची फट ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर टॅलस सरकला असण्याची शंका घ्यायची. तिसरा फोटो बाजूने काढतात.

इथे 'अख्खा पाय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नवशिका हमखास फक्त पाऊल आत वळवतो किंवा रुग्णाला "पाय आत घ्या" म्हणतो आणि रुग्ण पाऊल वळवतो. त्याने खाच फिरत नाही, फक्त पाऊल वाकडं होतं. वळवायचं असतं ते मांडीपासून, गुडघ्यासकट.

आणि मिलिमीटरला एवढं महत्त्व का? १९७६ मध्ये रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी २३ मृत पायांचे घोटे घेऊन टॅलस मुद्दाम बाहेर सरकवला आणि हाडांचं एकमेकांवर टेकणारं क्षेत्र मोजलं. फक्त १ मिलिमीटर सरकल्यावर ते सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झालं. तेवढंच वजन निम्म्याच्या आसपास जागेवर आलं की सांधा झिजतो. मोठ्या आईच्या पहिल्या फोटोत नेमकी ही फट नीट दिसत नव्हती.

पहिला सराव: स्वतःचा हात

८ नोव्हेंबर १८९५ ला व्हुर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले. काय आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं. आपल्या गणिताच्या पुस्तकांत त्या राशीला 'क्ष' म्हणत, त्यामुळे मराठीत ते क्ष-किरण झाले. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नी आना बेर्टा यांच्या हाताचा फोटो काढला. बोटातल्या अंगठीसकट तो हात जगभर गेला.

१८९६ मध्ये यंत्रं विकत मिळू लागली. ती चालवणारे लोक फोटोग्राफर होते, वीजकाम करणारे होते, उपकरणं बनवणारे कारागीर होते. शिकवणारं कुणी नव्हतं. नळी आज किती जोरात आहे हे बघायचं कसं? सोपी युक्ती: चमकणाऱ्या पडद्यासमोर स्वतःचा हात धरायचा. हाडं नीट दिसली म्हणजे नळी ठीक. दिवसातून कितीतरी वेळा, रोज.

एडिसनच्या प्रयोगशाळेतला क्लॅरन्स डॅली असाच काम करायचा. हातांवर जखमा झाल्या, कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. एडिसनने क्ष-किरणांवरचं काम सोडून दिलं. फिलाडेल्फियाचे मिहरान कसाबियन यांनी तर स्वतःच्या बिघडत जाणाऱ्या हातांचे फोटो काढून नोंद ठेवली. ते १९१० मध्ये वारले. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा लोकांसाठी दगडी स्मारक उभारलं गेलं. त्यावर डॉक्टर, तंत्रज्ञ, नर्स, भौतिकशास्त्रज्ञ अशी अनेक देशांतली नावं कोरलेली आहेत.

या काळात एक छोटं साधन निघालं. त्याकडे इतिहासकारांचं फारसं लक्ष जात नाही, पण आपल्या विषयासाठी ते फार मोलाचं आहे. स्वतःचा हात वाचवायला काही जणांनी मृत माणसाच्या हाताचा सांगाडा पडद्यासमोर बसवला. त्याला ऑस्टिओस्कोप म्हणत. नळी तपासायची तर जिवंत हात नको, हा हात बघा. माझ्या मते रेडिओग्राफीतला हा पहिला सिम्युलेटर. त्यात संगणक नव्हता, पण कल्पना तीच होती: चुकण्याची आणि पुन्हा पुन्हा बघण्याची किंमत जिवंत शरीरावरून उचलून दुसऱ्या कशावर तरी ठेवायची.

आपल्याकडे यंत्र आलं, शिकवणं नंतर

भारतात क्ष-किरण लवकर आले, पण सैन्याच्या मागून. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी यंत्र नेलं आणि जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देहरादूनला एक्स-रे इन्स्टिट्यूट निघाली. १९३४ मध्ये मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात कॅप्टन बर्नार्ड यांच्या नावाची रेडिओलॉजीची संस्था उघडली. छावणी, राजधानी, मोठं शहर असा हा क्रम आहे. झाडीपट्टीत यंत्र यायला पुढे बरीच दशकं गेली.

शिकवणं पद्धतशीर होण्यातही युद्धाचा हात आहे. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी १९१६ पासून पॅरिसमध्ये सुमारे १५० स्त्रियांना क्ष-किरण यंत्र चालवायला शिकवलं. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, त्यात थोडं गणित, थोडं भौतिकशास्त्र, थोडं शरीरशास्त्र. विज्ञानाची पदवी नसलेला माणूसही हे काम नीट शिकू शकतो, हे तिथे सिद्ध झालं. ब्रिटनमध्ये १९२० साली रेडिओग्राफरांची सोसायटी स्थापन झाली आणि पेशाला नाव मिळालं.

मग १९३९ मध्ये कॅथलीन क्लारा क्लार्क यांचं 'पोझिशनिंग इन रेडिओग्राफी' आलं. प्रत्येक अवयवासाठी माणूस कसा ठेवायचा याचा फोटो आणि तसं ठेवल्यावर काय दिसतं त्याचा एक्स-रे, अशी जोडी. अमेरिकेत व्हिनिटा मेरिल यांचा ॲटलास १९४९ मध्ये आला. रेडिओग्राफी शिकणाऱ्या मुलांना आजही नुसतं 'क्लार्क' म्हटलं तरी कळतं. त्याच्या नव्या आवृत्त्या निघतच असतात.

या पुस्तकांनी मोठं काम केलं, पण एक गोष्ट त्यांना जमणं शक्य नव्हतं. पुस्तकात बरोबर पोझिशन असते. चुकीची असली तर एखाददुसरी. पाच अंश कमी वळवला तर काय होतं, दहा अंश जास्त वळवला तर काय, टाच वर उचलली गेली तर काय, हे सगळं छापायचं म्हटलं तर पुस्तक कधी संपणारच नाही. आणि ते फोटो काढायचे कुणावर?

कापलेले पाय आणि प्लास्टिकमधला सांगाडा

घोट्याच्या बाबतीत सरावासाठी शरीर लागण्याची परंपरा क्ष-किरणांच्याही आधीची आहे. फ्रेंच सर्जन मेझोन्नव यांनी १८४० मध्ये मृतदेहांचे पाय पिळून दाखवलं, की पाऊल बाहेर पिळलं गेलं तर फिब्युला वरती, गुडघ्याजवळही मोडू शकतं. मोठ्या आईच्या कागदांवर त्यांचंच नाव होतं: मेझोन्नव फ्रॅक्चर. घोटा दुखतोय आणि हाड वर मोडलंय, हे एका माणसाने क्ष-किरणांच्या ५५ वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

शंभरेक वर्षांनी डेन्मार्कच्या निल्स लाउगे-हान्सेन यांनी रुग्णालयात नुकतेच कापावे लागलेले पाय घेतले. पाऊल एका ठरावीक स्थितीत धरायचं, ठरावीक दिशेने जोर लावायचा, काय कोणत्या क्रमाने तुटतं ते बघायचं आणि एक्स-रे काढायचे. १९४८ ते १९५४ दरम्यान त्यांनी हे निबंध छापले. त्यांच्या वर्गीकरणात आजही पहिला शब्द पावलाच्या स्थितीचा असतो आणि दुसरा जोराच्या दिशेचा. इथे थोडं थांबा, कारण संशोधक म्हणून तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. नंतरच्या लोकांनी हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा सगळे निकाल जसेच्या तसे आले नाहीत. टेबलावर बांधलेला पाय आणि धुऱ्यावरून घसरणारी बाई यांत फरक असतो. स्नायू आखडलेले असतात, अंगाचं वजन असतं, चिखल असतो. वर्गीकरण टिकलं कारण ते उपयोगी आहे, पण अनुकरण आणि खरं यांच्यामधली फट कुणीतरी मोजावी लागते.

दरम्यान सरावासाठी फँटम आले. अमेरिकेत सॅम्युएल आल्डरसन यांनी, ज्यांचं नाव मोटारींच्या अपघात-चाचणीतल्या बाहुल्यांसाठी जास्त घेतलं जातं, रँडो नावाचा फँटम बनवला. त्यात खरा मानवी सांगाडा होता. त्याभोवती क्ष-किरणांना मांसासारखंच अडवणारं प्लास्टिक ओतलेलं आणि अख्खं शरीर अडीच-अडीच सेंटिमीटरच्या चकत्यांत कापलेलं, म्हणजे आत डोस मोजता यावा. वेगवेगळ्या अवयवांचे असे फँटमही निघाले. विद्यार्थ्याने पाय कितीही वेळा चुकीचा ठेवावा आणि बटण दाबावं, तक्रार करणारं कुणी नाही.

पण सांगाडे कुठून यायचे? जगातल्या वैद्यकीय शिक्षणाला लागणारी मानवी हाडं कित्येक दशकं मोठ्या प्रमाणात भारतातून, मुख्यतः कलकत्त्यातून जात होती. ती गरिबांची, बेवारस मृतांची हाडं होती. १९८५ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. त्यानंतर कृत्रिम हाडांची गरज वाढली. आज क्योटो कागाकूसारख्या जपानी कंपनीच्या फँटममध्ये हाडंही बनवलेलीच असतात. चांगली गोष्ट आहे. फक्त असा पूर्ण देहाचा फँटम इतका महाग असतो, की लहान गावातल्या संस्थेला तो परवडत नाही.

मग आपल्याकडे सराव होतो कसा? वर्गमित्राला टेबलावर झोपवायचं, पोझिशन लावायची, नळीचा प्रकाश घोट्यावर आणायचा आणि बटण दाबायचं नाही. हेसुद्धा सिम्युलेशनच आहे, आणि वाईट नाही. माणसाला स्पर्श कसा करायचा, सूचना कशी द्यायची, हे त्यात शिकता येतं. उणीव एकच आहे, की फोटो येत नाही. आपण बरोबर होतो की सहा अंशांनी चुकलो, हे कुणी सांगत नाही.

बटण का दाबायचं नाही?

कारण निव्वळ सरावासाठी माणसाला किरण देणं आज समर्थनीय मानलं जात नाही. या विचारालाही इतिहास आहे. १९२८ मध्ये स्टॉकहोमला क्ष-किरण संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तीच पुढे आयसीआरपी झाली. १९७७ च्या शिफारशींत तिने तीन तत्त्वं स्पष्ट मांडली: किरण देण्याला कारण हवं, डोस जमेल तितका कमी हवा आणि मर्यादा हवी. आपल्या देशात १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत आणि एक्स-रे यंत्राला मंडळाचा परवाना लागतो. तंत्रज्ञाच्या छातीवर जो बॅज दिसतो, त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, डिस्प्रोसियम मिसळलेल्या. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेल्या या बॅजने आपल्याकडे जुन्या फिल्म-बॅजची जागा घेतली. डॅलीला असा बॅज मिळाला असता तर, असा विचार मनात येतोच.

संगणकातला पाय

आता भौतिकशास्त्राकडे येऊ. क्ष-किरण पदार्थातून जाताना कमी होतात. किती, ते दोन गोष्टींवर ठरतं: पदार्थ किती अडवतो आणि किती जाडी ओलांडायची आहे. ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला मांसाचा क्षीणन गुणांक सेंटिमीटरमागे साधारण ०.२ आणि घट्ट हाडाचा साधारण ०.६. समजा एक किरण ८ सेंटिमीटर नुसत्या मांसातून गेला. गुणाकार १.६, म्हणजे सुमारे २० टक्के किरण पलीकडे पोचतील. दुसरा किरण ५ सेंटिमीटर मांस आणि ३ सेंटिमीटर हाडातून गेला. बेरीज २.८, म्हणजे सुमारे ६ टक्के पोचतील. या फरकातून हाड पांढरं आणि मांस काळपट दिसतं. फोटोचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळं म्हणजे लाखो किरणांसाठी हीच बेरीज.

ती बेरीज झटपट कशी करायची, हे १९८५ मध्ये रॉबर्ट सिडन यांनी 'मेडिकल फिजिक्स'मधल्या छोट्या निबंधात दाखवलं. सीटी स्कॅन म्हणजे बारीक ठोकळ्यांची रास. किरण कुठल्या ठोकळ्यातून किती अंतर जातो, ते नेमकं काढायची ही रीत. एकदा ती हाताशी आली, की सीटीतला पाय संगणकात हवा तसा फिरवा आणि हवे तितके खोटे एक्स-रे काढा. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 'व्हिजिबल ह्यूमन' हा अख्ख्या पुरुषदेहाचा संच संशोधकांना खुला केला. तो देह टेक्ससमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्याचा होता. त्याने देहदान केलं होतं, पण आपण जगभरच्या संगणकांवर असे पसरू याची त्याला कितपत कल्पना होती, यावर तेव्हाही वाद झाला. म्हणजे संगणकातही शरीर कुणाचं तरी असतंच.

आज वेल्सच्या बँगर विद्यापीठातून फ्रँक व्हिडाल यांच्या पुढाकाराने आलेलं जीव्हर्च्युअलएक्सरे हे मुक्त सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर हीच बेरीज क्षणात करतं. काही व्यावसायिक प्रणाली तर अख्खी एक्स-रे खोलीच उभी करतात: टेबल, नळी, रुग्ण, बटण. २०२० मध्ये कोविडमुळे विद्यार्थ्यांचं रुग्णालयात जाणं थांबलं, तेव्हा अनेक देशांतल्या संस्थांना याची निकड भासली.

याचा खरा फायदा माझ्या मते असा: सिम्युलेटरमध्ये चूक बघता येते. खऱ्या रुग्णावर चूक होऊ द्यायची नसते, त्यामुळे विद्यार्थी चुकांची पायरी-पायरीने मांडणी कधी बघत नाही. इथे ० अंश, ५, १०, १५, २० असे पाच फोटो शेजारी ठेवता येतात. बाहेरची फट कशी उघडत जाते आणि मग जास्त वळवलं की आतली बाजू कशी बिघडते, हे डोळ्यांत बसतं. क्लार्क यांच्या पुस्तकात जे मावत नव्हतं, ते इथे मावतं.

किंमत बदलली, तर प्रश्नही बदलतो

आता इतिहास वाचण्याचा उपयोग दाखवते. सिम्युलेशनवरच्या प्रस्तावात मुलं पहिलं वाक्य हमखास लिहितात: "यामुळे रुग्णाला मिळणारा किरणोत्सर्ग कमी होईल." मीही लिहिलं होतं. घोट्यापुरतं हे वाक्य तपासून बघा. हातापायाच्या एका एक्स-रेचा परिणामी डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. भागाकार करा: एक फोटो म्हणजे तीन-चार तासांचं नुसतं जगणं. म्हणून कारण नसताना किरण द्यावेत असं नाही, तत्त्व तत्त्वच आहे. पण डॅलीच्या काळातली किंमत आणि आजची किंमत एक नाही. प्रस्तावात १९०४ ची भीती लिहून २०२० नंतरचा प्रश्न सुटत नाही.

घोट्यासाठी आजची किंमत वेगळी आहे. मोडलेला पाय पुन्हा वळवताना होणारी वेदना. दुसऱ्या दिवशी परत या म्हटल्यावर बुडणारी मजुरी. फट न दिसल्याने गेलेले तीन आठवडे. नागभीडहून नागपूरला जाणारी नॅरोगेज २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली होती. त्यामुळे सुजलेला पाय घेऊन आम्ही गाडी करून गेलो. हे कुठल्याही डोस-तक्त्यात येत नाही.

किंमत अशी मांडली की सिम्युलेटरकडे बघण्याची नजर बदलते. मग मी माझ्याच कामातल्या एका गोष्टीपाशी अडले. सीटीतला पाय मी संगणकात फिरवते तेव्हा तो अख्खा फिरतो, एका दगडासारखा. म्हणजे विद्यार्थ्याची सगळ्यात नेहमीची चूक, अख्ख्या पायाऐवजी फक्त पाऊल वळवण्याची, माझ्या सिम्युलेटरमध्ये करताच येत नाही! जो चुकूच शकत नाही, त्याला मी काय शिकवणार? त्यासाठी प्रत्येक हाड वेगळं करून सांध्यातून हलवावं लागतं. हा प्रश्न मला समीकरणातून सुचला नाही. 'क्लार्क' चाळताना, लाउगे-हान्सेन यांचे पाय वाचताना आणि मोठ्या आईचा गुडघा आठवताना सुचला.

सिम्युलेटरमधला रुग्ण कण्हतही नाही. त्याला मराठी येते की गोंडी, हा प्रश्न पडत नाही. त्याच्या पायाला हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधलेल्या नसतात. साडी गुडघ्याच्या वर घ्यायला तो संकोचत नाही. वर्गमित्रावरच्या जुन्या सरावात यातलं थोडंफार होतं; पडद्यावर आपण ते गमावतो. म्हणून मला दोन्ही हवे आहेत: डोळ्यासाठी संगणक आणि हातासाठी माणूस.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा

विषय कुठलाही असो, चार प्रश्न स्वतःला विचारा. ही अडचण आधी कुणाच्या शरीरावर, खिशावर किंवा वेळेवर सोडवली जात होती? आता ती किंमत कोण देतंय? नव्या साधनाने नेमकी कुठली चूक करता येते आणि कुठली येत नाही? आणि साधनावर जे शिकलं, ते खऱ्या जागी उतरतं का, हे तुम्ही कसं मोजणार? चौथा प्रश्न सगळ्यात कठीण आहे. सिम्युलेटरवर गुण वाढले म्हणजे रुग्णाचा फोटो सुधारला असं होत नाही. मोजायचं तर पहिल्याच प्रयत्नात किती फोटो वापरण्याजोगे आले ते मोजा, आणि ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयासोबत तालुक्याच्या ठिकाणीही मोजा.

ज्या तंत्रज्ञाने मोठ्या आईचा पहिला फोटो काढला, त्याच्यावर माझा राग होता. आता नाही. पाय किती वळवायचा हे त्याने कदाचित एकदा वाचलं असेल, वर्गमित्रावर एकदा करून बघितलं असेल, आणि आपला अंदाज बरोबर होता का हे त्याला कुणी कधी दाखवलंच नसेल. १८९६ च्या माणसाकडे निदान स्वतःचा हात तरी होता. आपल्या तालुक्यातल्या शिकणाऱ्याकडे काय आहे, हे मी गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा बघितलं: एक साधा लॅपटॉप. त्यावर चालेल असा घोटा बनवायचा आहे. यंदा रोवणीच्या आधी पहिली आवृत्ती व्हायला हवी.